कुरिंजीचा डोंगर आणि तंजावरचा श्रोता

प्रतिमेने वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्र उभे केले की तिचे कार्य संपले, हा समज मराठी समीक्षेत अद्याप दृढ आहे. शालेय रसग्रहणापासून प्रबंधापर्यंत ‘हुबेहूब चित्र’ हीच प्रशंसेची परमावधी मानली जाते. वास्तविक प्रतिमेचे सामर्थ्य तिच्या स्पष्टपणात नसते, हे आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९२४ मध्येच प्रतिपादिले होते. आणि प्रतिमेतील दोन वस्तूंना जोडणारा धागा बाह्य साम्याचा नसून भावनेचा असतो, हे मर्ढेकरांनी मराठीत मांडले. तथापि एकच प्रतिमा एका समाजातील सर्व रसिकांच्या ठिकाणी एकच भावना कशी जागी करते, हा प्रश्न त्यातून पुरता सुटत नाही. तो तंजावरात नेऊन विचारणे उपयुक्त ठरेल.

‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ ग्रंथात प्रेमकाव्यासाठी पाच भूप्रदेशांची, म्हणजे ‘तिणै’ची, व्यवस्था आहे. कुरिंजी म्हणजे डोंगर, तेथे मीलन. मुल्लै म्हणजे अरण्य. तेथे धीराने पाहिलेली वाट. नेय्दल या सागरतीरावर शोक, पालै या रुक्ष प्रदेशात ताटातूट, आणि मरुदम् या भातशेतीच्या प्रदेशात पतीच्या बाहेरख्यालीपणामुळे रुसलेली पत्नी. मराठी वाचकाला भरलेले भातखाचर दिसले की समृद्धी आठवते; या परंपरेत वाढलेल्या तमिळ रसिकाला त्याच खाचरात गृहकलहाची चाहूल लागते. शेत तेच, पीक तेच.

याहून बोलके उदाहरण कुरिंजीच्या फुलाचे आहे. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर बारा वर्षांनी फुलणारी कुरिंजी व सह्याद्रीवर साधारणतः सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी या एकाच वनस्पतिकुळीतल्या. सह्याद्रीच्या रहिवाशाने कारवीचे डोंगरच्या डोंगर जांभळे झालेले पाहिले आहेत. परंतु मराठीत कारवी म्हटली की कुडाच्या भिंती आठवतात. प्रियकराची रात्रीची भेट आठवत नाही. उलट कावेरीच्या सपाट खोऱ्यात डोंगर औषधालाही नाही. कुंभकोणम्‌जवळच्या स्वामिमलैच्या नावात ‘मलै’ आहे खरा, पण मुरुगनसाठी असलेली ती टेकडीही मानवनिर्मित! ज्याने डोंगर पाहिला त्याला प्रतिमा लाभली नाही, आणि ज्याला प्रतिमा लाभली त्याच्यापाशी डोंगर नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. संघसाहित्य मधल्या शतकांत बहुतांशी विस्मृतीत गेले होते. कुंभकोणम्‌च्या महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १८८७ मध्ये ‘जीवक चिंतामणि’ प्रसिद्ध केल्यावर प्राचीन तमिळ ग्रंथांच्या पुनःशोधाला खरा वेग आला. मग मराठा राजांच्या काळातील श्रोत्याला तिणै कसा ठाऊक असणार? शास्त्र म्हणून तो ठाऊक नसेलही. पण संकेत ग्रंथांवाचूनही टिकतात, आणि हा संकेत कुरवंजी नाट्यातून टिकला. विरहिणी नायिकेकडे डोंगरातली कुरत्ती येते, आपल्या डोंगराचे वर्णन करते, हात पाहून मीलनाचे भाकीत सांगते. मुरुगनची वल्ली हीही कुरवांचीच कन्या. कुरत्तीने डोंगराचे नाव घेताच श्रोत्याला भाकीत अर्धे कळलेले असते.

दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८–१८३२) नावावरील ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. येथे कोरवंजी इंद्राणीपुढे येते आणि आपल्या एका डोंगराऐवजी सबंध पृथ्वीचे, तिच्या खंडांचे व देशांचे वर्णन करते. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला हा पद्यबद्ध भूगोलपाठ वाटतो आणि काव्यगुणांच्या अभावाची नोंद करून तो पुढे जातो. त्याच्या निकषाने ते बरोबरच आहे. खंडांच्या नावांनी कोणते चित्र उभे राहणार? परंतु ज्या श्रोत्याचे कान ओळखीच्या डोंगराची वाट पाहत होते, त्याला त्या जागी अपरिचित जगाची नावे ऐकताना जे वाटले असेल ते भूगोलाच्या तासाला वाटत नाही. १७९९ च्या करारानंतर या राजाची सत्ता किल्ला आणि त्याचा परिसर एवढ्यापुरतीच उरली होती, हेही त्या श्रोत्याला सांगावे लागत नव्हते.

केशवसुतोत्तर मराठी समीक्षेने कविसंकेताला दोषांच्या यादीत टाकले. चातक-चकोरांच्या गर्दीत ते समजण्यासारखे होते. पण त्या भरात संकेत वाचकाला सावधही करतो, किंचितसा बदल टिपण्याची शक्ती देतो, ही बाजू नजरेआड झाली. तंजावरी मराठी नाटकांचे कर्ते, काळ आणि भाषारूपे यांची चर्चा पुष्कळ झाली. घरी मराठी व रस्त्यावर तमिळ बोलणारा त्यांचा श्रोता मात्र तिच्यात क्वचितच भेटतो.

सरस्वती महाल ग्रंथालयाने ‘देवेंद्र कोरवंजी’ छापून उपलब्ध केले आहे. मराठीचे अभ्यासक ते वाचतात, पण त्यांना कुरवंजी परकी; तमिळचे अभ्यासक कुरवंजी जाणतात, पण त्यांना हे मराठी परके. दोन्ही कानांनी ऐकणारी मराठी कुटुंबे तंजावरात अद्याप आहेत. त्यांतील पुष्कळांचे शिक्षण तमिळमधून झाले आहे. नव्या संपादनात नागरी संहितेशेजारी तमिळ लिपीतील संहिता छापली आणि टीपा लिहिण्यापूर्वी या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना ती वाचून दाखविली, तर कोठे ते हसतात आणि कोठे थबकतात, याची नोंद तरी घेता येईल.