शिळी भाकर, ताठ मान



आजचा विषय अगदी साधा. सकाळची न्याहारी. विषय साधा असला तरी त्यावर बोलण्याची गरज आहे, कारण आपल्या कित्येक घरांतून न्याहारी हळूहळू उठून चालली आहे. तिच्या जागी कपभर चहा आणि दोन बिस्किटे येऊन बसली आहेत.

मध्यंतरी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या काही घरी जाण्याचा योग आला. कुठे जेवलो, कुठे मुक्काम केला. जिथे गेलो तिथे आम्ही एकच प्रश्न विचारला, "सकाळी काय खाता?" उत्तरे तऱ्हेतऱ्हेची मिळाली. बारामतीत भिगवण रस्त्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे आमचे एक बंधू म्हणाले, "गाडीवरचे पोहे." कालव्याच्या पट्ट्यात खुरपणीला जाणाऱ्या एका ताई म्हणाल्या, "सगळ्यांचे डबे भरते, मग चहा पिते, अन् निघते." सुप्याकडच्या जिरायती भागात एका घरी ताकातल्या कण्या मिळाल्या. भिगवणजवळ उजनीच्या काठावर रात्रीचे चिलापीचे कालवण आणि शिळी भाकरी पुढे आली. ती चव आम्ही विसरणार नाही.

परंतु खरी गोष्ट घडली ती इंदापूर तालुक्यातल्या एका घरी. तीच आज सांगायची आहे.

त्या घरात एक आजी, मुलगा, सून आणि आठवीतली नात. आजींचे वय पंच्याऐंशीच्या घरात. सून रोज रात्री भाकरी मोजून थापायची, तरी एक-दोन उरायच्याच. सकाळी त्या म्हशीला जायच्या. आजींची तशी सक्त ताकीद होती. "माझ्या घरात शिळं तुकडं कुणी खायाचं न्हाई!" सकाळी ताजे करायला सुनेला वेळ नाही, कारण सात वाजता कामावरची गाडी येते. म्हणून नात चहा-बिस्किटावर शाळेला जायची. एके दिवशी ती प्रार्थनेच्या रांगेतच चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासले. अंगात रक्त कमी निघाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "सकाळी काय खाऊन आलीस?"

सून आमच्यापाशी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ताई, घरात भाकरी असून लेकरू उपाशी गेलं. पर आत्यांना कसं समजवायचं?"

संध्याकाळी आम्ही आजींपाशी बसलो. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माय भाकर मागाया जायची, तवा मी संगं पाटी धरायची. वाड्याच्या बाहेर उभं ऱ्हायाचं, अन् हाळी द्यायची. वरनं तुकडं टाकायची. कुणाचं कालचं, कुणाचं परवाचं. बाबासायबांनी सांगितलं तवा आमच्या माणसांनी ती पाटी फेकून दिली. त्या दिशी मी ठरीवलं, शिळ्या तुकड्याला पुन्हा हात लावायचा न्हाई."

वाचकहो, यावर आम्ही काय बोलणार? आजींचे दुःख खरे होते, आणि त्यांचा निर्धारही खरा होता. येसकराची पाळी, रात्रंदिवस गावकी आणि बदल्यात शिळेपाके, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. नीरेच्या पलीकडे फलटणला राहिलेल्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या आत्मकथनात त्या दिवसांची भूक लिहून ठेवली आहे. ज्या तरुण मुलामुलींनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले. महार वतनातून माणसे मोकळी व्हावीत म्हणून 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. आजींनी फेकलेल्या त्या पाटीमागे एवढा मोठा लढा आहे.

पण आम्ही आजींना एक गोष्ट विचारली. "आजी, तुमच्या घरची ज्वारी कुणाची?" "आमची. लेकानं पिकीवली." "दळण कुणी आणलं?" "सुनंनं." "भाकर कुणी थापली?" "तिनंच." "मग आजी, ही भाकर कुणी टाकली का तुमच्या पाटीत?"

आजी आमच्याकडे बघत राहिल्या. बाबासाहेबांनी आपल्याला लाचारी सोडायला सांगितले, भाकरी सोडायला नव्हे. अपमान मागण्यात होता आणि टाकणाऱ्याच्या हातात होता. आपल्या कष्टाच्या ज्वारीची, आपल्या लेकीसुनेच्या हातची भाकरी एक रात्र टोपल्यात राहिली, म्हणून ती भिकेची होत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उठलो तो चुलीपाशी आजी! सुनेला बाजूला सारून त्यांनी स्वतः भाकरीचा कुस्करा केला. नातीच्या ताटात वाढताना म्हणाल्या, "खा बाई. ही आपली हाय." आम्हालाही वाढला. आजींनी स्वतः मात्र खाल्ला नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. काही जखमांचा मान राखावा लागतो.

आता त्या कुस्कऱ्यासह चार न्याहाऱ्या सांगतो. सगळ्या त्या भागातल्या घरांतून पाहिलेल्या आहेत, आणि एकीलाही मोठा खर्च नाही.

भाकरीचा कुस्करा

तिघांसाठी ज्वारीच्या दोन मोठ्या शिळ्या भाकरी हाताने बारीक कुस्कराव्यात. फार कडक झाल्या असतील तर पाण्याचा किंवा ताकाचा हबका मारून दहा मिनिटे झाकून ठेवाव्यात. कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, कढीपत्ता आणि तीन हिरव्या मिरच्या टाकाव्यात. एक मोठा कांदा चिरून परतावा. हळद, मीठ आणि दोन चमचे दाण्याचा कूट घालावा. मग कुस्कर टाकून, हलवून, मंद आचेवर पाच मिनिटे वाफ काढावी. वरून कोथिंबीर आणि लिंबू. लिंबू विसरू नये, त्याचे कारण पुढे सांगतो. चपात्या उरल्या असतील तर त्यांचाही असाच कुस्करा होतो.

ज्वारीच्या कण्या

ज्वारीला पाण्याचा हात लावून अर्धा तास ठेवावी, मग जाडसर भरडावी. पूर्वी जात्यावर भरडत, आता मिक्सरवर चालते. कोंडा पाखडून काढावा. एक वाटी कण्या रात्री भिजत घालाव्यात. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात मीठ आणि कण्या सोडाव्यात, आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजवाव्यात. अधूनमधून ढवळावे, नाहीतर बुडाला लागतात. कोमट झाल्या की दीड-दोन वाट्या ताक घालावे. सोबत लसूण-मिरचीचा ठेचा. सुप्याकडे आम्ही ज्या कण्या खाल्ल्या, त्या घरची म्हातारी माणसे उन्हाळाभर हेच खातात. दात नसलेल्यालाही चालते आणि लहान बाळालाही, फक्त बाळाला ठेचा नको!

हुलग्याचे माडगे

हुलगा हे जिरायती रानातले पीक. हलक्या जमिनीवर, कमी पावसातही येतो. हुलगे निवडून, धुऊन, वाळवून खमंग भाजावेत आणि दळून पीठ डब्यात भरून ठेवावे. चार चमचे पीठ गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावे. चार वाट्या पाण्यात गूळ, चिमूटभर मीठ आणि थोडी सुंठ घालून उकळावे. त्यात कालवलेले पीठ सोडून सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे. थंडीच्या दिवसांत गरमगरम प्यावे. पीठ तयार असेल तर दहा मिनिटांत होते, म्हणजे चहापेक्षा फार वेळ लागत नाही.

सुकट आणि भाकरी

एक वाटी सुकट कोरडीच भाजावी. हाताने चोळून डोकी आणि भुसा पाखडून टाकावा. कोमट पाण्यात दोनदा धुऊन पिळावी. तेलात ठेचलेला लसूण आणि दोन कांदे परतून तिखट, हळद आणि सुकट घालून पाच मिनिटे परतावे. मीठ चव पाहून घालावे, कारण सुकट मुळात खारट असते. शिळ्या भाकरीबरोबर याच्यासारखे दुसरे काही नाही. शेजाऱ्यांना वास जाईल म्हणून काही घरांतून आता सुकट बंद झाली आहे असे ऐकले. आपल्या घरात आपले अन्न शिजवायला कुणाची परवानगी कशाला हवी?

शिळ्या भाकरीचे महत्त्व आता शिकलेली माणसेही सांगू लागली आहेत. भाकरी थंड झाली की तिच्यातल्या पिठूळ भागाचा काही अंश सावकाश पचणारा होतो. त्यामुळे पोटाला आधार टिकतो. ज्वारीच्या प्रथिनांत जी उणीव असते ती शेंगदाणा, हुलगा किंवा ताक भरून काढते. म्हणजे भाकरी-शेंगदाण्याची चटणी, कण्या-ताक या आपल्या आया-आज्यांच्या जोड्या उगीच पडलेल्या नाहीत.

आणि लिंबाचे कारण असे. धान्य-कडधान्यातले लोह अंगी लागायला आंबट फळातले क जीवनसत्त्व मदत करते. चहा नेमके उलट करतो, लोह अंगी लागू देत नाही. म्हणून न्याहारीबरोबर चहा घेऊ नये. तासाभराने घ्यावा. ज्या मुलींना आणि बायांना रक्त कमी आहे त्यांनी हे कटाक्षाने पाळावे, आणि दवाखान्यात दिलेल्या लोहाच्या गोळ्याही चुकवू नयेत. नुसत्या कुस्कऱ्याने रक्त भरत नाही.

एक सूचना सावधगिरीची. भाकरी एक रात्र टिकते, पण ती सुती फडक्यात, हवेशीर टोपल्यात ठेवावी. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळी भाकरी टाकावी. भाताचे तसे नाही. रेशनचा तांदूळ घरोघर असल्याने सकाळी फोडणीचा भात सर्रास होतो. उन्हाळ्यात भात रात्रभर तसाच उघड्यावर राहिला तर तो बाधू शकतो, आणि पुन्हा गरम केला म्हणजे दोष जातो असेही नाही. तेव्हा उरलेला भात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर रात्री बेताचाच शिजवावा.

दिवस कसे फिरतात पाहा. 1972 च्या दुष्काळात आपली माणसे खडी फोडून परदेशी तांबड्या मिलोची भाकर आणि सुकडी खाऊन जगली. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, आणि तीच आपली ज्वारी-बाजरी मोठ्या हॉटेलांच्या ताटात जाऊन बसली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, चांगली मालदांडी ज्वारी मात्र विकत घ्यायला महाग पडते. ज्या भाकरीला गरिबाची भाकरी म्हणून नाक मुरडले जाई, तिला आता श्रीमंतांकडून मागणी आहे. मग आपल्याच मुलांना तिची लाज का वाटावी? शाळेच्या डब्यात भाकरी असली तर झाकण अर्धेच उघडणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना घरातूनच सांगायला हवे, की बाळा, झाकण पुरते उघड.

शेवटी एक गोष्ट घरातल्या पुरुषमंडळींसाठी. सगळ्यांचे डबे भरून स्वतः चहावर कामाला जाणाऱ्या त्या खुरपणीच्या ताई आमच्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. कांदा चिरायला, कुस्करा हलवायला पुरुषाचे हात चालतात. घरातल्या बाईने सकाळी चार घास बसून खाल्ले की नाही, हे रोज एकदा विचारा. विचारून थांबू नका, तिला ताट वाढून द्या.

त्या घरून परवाच निरोप आला. नात आता रोज खाऊन शाळेला जाते, गोळ्याही चालू आहेत. आजी अजून शिळी भाकर खात नाहीत. पण म्हशीला मात्र आता भाकरी मिळत नाही!

तुमच्या घरची न्याहारी कोणती, ती कशी करता, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भेटीपर्यंत सर्वांना जयभीम!