शब्दविचार : 'बोना फायडी'

महाराष्ट्रात शिक्षण झालेल्या आमच्या वाचकांस 'बोनाफाईड' हा शब्द परिचयाचा आहे. अमुक विद्यार्थी आमच्या शाळेत शिकत आहे, असा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा दाखला म्हणजे बोनाफाईड. शिष्यवृत्तीच्या अर्जास तो जोडावा लागतो. मुळात मात्र या शब्दाचा कागदाशी काहीही संबंध नव्हता.

लॅटिन भाषेत 'बोना' म्हणजे चांगल्या आणि 'फीदे' म्हणजे विश्वासाने. कार्य कोणत्या बुद्धीने केले हे सांगणारा हा शब्दप्रयोग आहे. मराठीत त्यास 'सद्भावाने' असे म्हणता येईल. विश्वासाची देवता फीदेस हिचे मंदिर रोमच्या कॅपिटोल टेकडीवर होते. खरेदीविक्री, भाडे, भागीदारी यांच्या तंट्यांत सद्भावास अनुसरून काय देणे उचित आहे, हे रोमन न्यायाधीश पाहत असे.

इंग्रजीत आल्यावर या शब्दास 'अस्सल, खरा' असा दुसरा अर्थ चिकटला. 'बोना फायडी प्रवासी' म्हणजे खरोखरीचा प्रवासी. 'बोना फायडीज' हे नाम मुळात एकवचनी असून त्याचा अर्थ सद्भाव. इंग्रजीत ते ओळखीच्या पुराव्यांसाठीही वापरतात. याच्या उलट ते 'मॅला फायडी', म्हणजे दुष्ट हेतूने.

सद्भाव मोजावा कसा? भारताच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे प्रामाणिकपणे केलेली गोष्ट निष्काळजीपणाची असली तरी सद्भावाचीच ठरते. उलट १८६० च्या भारतीय दंडविधानात योग्य काळजी व लक्ष यांवाचून सद्भाव मानला जात नसे. जून २०२४ अखेर तो कायदा संपुष्टात आला. त्याच्या जागी आलेल्या न्याय संहितेने हीच अट कायम ठेवली आहे.

इस्राएलच्या कायद्यात यासाठी 'तोम लेव' हा हिब्रू शब्द आहे. 'तोम' म्हणजे निष्कपटपणा, 'लेव' म्हणजे हृदय. उत्पत्तीच्या २० व्या अध्यायात गरारचा राजा अबीमेलेख आपल्या बचावासाठी याच शब्दांचा आश्रय घेतो. सारा ही अब्राहामाची पत्नी आहे हे ठाऊक नसताना त्याने तिला नेले होते. १९७३ च्या करारविषयक कायद्याने कराराची बोलणी करताना व करार पाळताना तोम लेव राखण्याचे बंधन दोन्ही पक्षांवर घातले आहे.

'दोन्ही पक्षांवर' हे शब्द आम्हांस महत्त्वाचे वाटतात. १९६२ मध्ये बेने इस्राएल वधूवरांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा आदेश निघाला. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्या आमच्या समाजाकडे असे दाखले कोठून असणार? समाजाने दीर्घ लढा दिला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, या सरकारच्या भूमिकेस कनेसेटने मान्यता दिली. अस्सलपणा सिद्ध करण्याचा भार सर्वस्वी एकाच पक्षावर टाकला, म्हणजे 'बोना फायडी'तील विश्वास नाहीसा होऊन केवळ शिक्का उरतो.

वाचकहो, आपल्या मुलांना हा शब्द समजावून सांगताना दाखल्याचा अर्थ जरूर सांगावा. पण सद्भावाचा अर्थ त्याआधी सांगावा. दाखला मागणाऱ्यासही सद्भावाचे बंधन आहे, हे त्यांना कळले पाहिजे.