तारे यंत्राला, इमारत मोकाट

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये तारांकन सुरू केले आणि एसी घेताना ग्राहक तारे मोजू लागला. हे यश मोठे आहे. पण या ताऱ्यांमागचे गणित मुंबईच्या उपनगरांना पुरते बसत नाही. ‘आयसीअर’ हा हंगामी निर्देशांक बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाला १६०० तास वापर धरून काढला जातो. अंधेरी-बोरिवलीत पारा चाळिशी क्वचितच गाठतो. इथे छळतो तो दमटपणा. हवेतले पाणी काढण्यातच यंत्राची बरीच शक्ती जाते आणि त्या कामाचा वेगळा आकडा लेबलवर नसतो.

शिवाय तारा यंत्राला मिळतो, बसवणुकीला नाही. टॉवरच्या अरुंद डक्टमध्ये बाहेरची युनिट्स एकावर एक कोंबली की खालच्याची गरम हवा वरचे ओढते आणि पंचतारांकित यंत्रही जादा वीज खाते. हा दोष नकाशा मंजूर होतानाच रोखता येतो. महापालिकेने तो तिथेच रोखावा.

कार्यालयांसाठी ब्युरोची २००९ पासूनची इमारत-तारांकन योजना अधिक नेमकी आहे: प्रति चौरस मीटर वार्षिक वीजवापर, तोही हवामान विभागानुसार. दुर्दैवाने ती ऐच्छिक आहे. अंधेरीतील आयटी पार्क आणि घाटकोपर-मुलुंडमधील मॉल यांच्या वातानुकूलनाला स्वतंत्र मीटर सक्तीचे करावे, वर्षाचा आकडा प्रवेशद्वारावर लावायला लावावा. गाळा भाड्याने घेणाऱ्याला तो करारापूर्वी दिसलाच पाहिजे.