मकतब म्हणजे मदरसा नव्हे



मुस्लिम मुलांच्या धार्मिक शिक्षणावरील रविवारच्या लेखात मकतब आणि मदरसा एकच मानले आहेत. मकतब हा धार्मिक शिक्षणाचा वर्ग शाळा सांभाळून तासभर भरतो. माझी मुलगी मराठी शाळेतून तिथे जाते. पूर्णवेळ मदरशांत शिकणारी मुस्लिम मुले जेमतेम तीन-चार टक्के, हे मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले आहे.

मकतबात घोकंपट्टी होते, हे मान्य. पण घोकंपट्टीला इस्लामची शिकवण म्हणणे चूक. धड्यानंतर मुलाला खेळू द्यावे, नाहीतर त्याचे मन मरते, बुद्धी मंदावते, असे धर्मपंडित इमाम गझाली (मृत्यू ११११) ‘इह्या’ या ग्रंथात बजावतात. धाकाने मूल खोटे बोलायला शिकते, हे इतिहासकार इब्न खल्दूननेही सांगितले. छडी उगारणाऱ्या उस्तादांना हे जरूर सुनावा. पण मकतब बंद करा म्हणू नका.

– एक पालक, मिरज