बारा काळांचा तक्ता बाजूला ठेवा

मराठी शाळेत शिकून आता नोकरीत इंग्रजी बोलावं लागणाऱ्या, किंवा मुलांच्या शाळेतल्या पालकसभेच्या विचारानंच धास्तावणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. इंग्रजी नव्यानं शिकायला घेताना बारा काळांचा तक्ता पाठ करत बसू नका. कितीतरी जण त्या तक्त्यापाशीच थकतात आणि 'व्याकरण आपलं काम नाही' असं ठरवून टाकतात.

मला हे मान्य नाही. 'आंबा खाल्ला', 'पोळी खाल्ली', 'केळं खाल्लं' हे तुम्ही विचारही न करता बोलता. इंग्रजीत काहीही खाल्लं तरी 'एट'च. साध्या वर्तमानकाळातही बहुतेक क्रियापदांना ही, शी, इट किंवा एकवचनी नामापुढे तेवढा 'एस' लागतो.

लोक खरे अडखळतात ते प्रश्न आणि नकार यांत. 'डिड यू वेंट?', 'शी डिडंट केम', 'डज ही वर्क्स?' या तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे. काळाची किंवा 'एस'ची खूण इथे एकदाच लागते. 'शी वर्क्स' म्हणताना ती वर्कला चिकटलेली असते. प्रश्न विचारताना डू मदतीला येतं आणि ती खूण स्वतःवर घेतं: 'डज शी वर्क?' भूतकाळात 'डिड शी वर्क?', नकारात 'शी डिडंट कम'. डिड किंवा डज तोंडातून गेलं की पुढचं क्रियापद मूळ रूपातच ठेवायचं. पंधरा दिवस एवढंच धरून ठेवा, बाकीच्या चुका होऊ द्यात. नियम नुसता वहीत उतरवून भागत नाही. रोज रात्री घरातल्याच गोष्टींवर पाच प्रश्न मोठ्यांदा विचारा: 'डिड यू पे द लाइट बिल?', 'डिड बाबा कॉल?'

पुढचा पंधरवडा 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' या वाक्याला द्या, कारण मुलाखतीत ते हमखास येतं. किती काळ ते सांगायचं तर फॉर, कधीपासून ते सांगायचं तर सिन्स: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स', नाहीतर 'सिन्स २०२२'.

अ, ॲन, द यांचा नंबर माझ्या मते शेवटी. मराठीत तशी सोय नाही, त्यामुळे ते वाचून-ऐकूनच अंगवळणी पडतात, आणि चुकले तरी बोलणं बहुधा कळतं.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणून घरातली मुलं सहज बोलतात आणि मोठ्यांना चटकन टोकतात. मुलांनो, आईबाबांचं वाक्य मध्येच तोडू नका, हसू तर मुळीच नका. त्यांना पूर्ण बोलू द्या. मग त्या पंधरवड्यात ज्या चुकीवर त्यांची मेहनत चालली आहे, तेवढीच सांगा आणि ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घ्या.