टोपीएवढी किल्ली
बंगळुरूच्या एस. पी. रोडवर संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने उभी आहेत. समजा, तिथल्याच एखाद्या कचेरीचा सर्व्हर सुरुवातीलाच पासवर्ड मागतो आणि तो ठाऊक असलेला माणूस नोकरी सोडून गेला, तर? यंत्र मोडीत काढायचे?

मुळीच नाही. मदरबोर्डवर बारीक पिना असतात आणि त्यांतल्या दोहोंवर नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी बसवलेली असते. हाच जंपर. सर्व्हर बंद करून विजेच्या सगळ्या वायरी काढाव्यात. सर्व्हरला बहुधा दोन असतात! मग टोपी पुस्तिकेत दाखवलेल्या पिनांवर सरकवावी. काही सर्व्हर टोपी हलवलेली असतानाच एकदा सुरू करावे लागतात, म्हणून पुस्तिका आधी वाचावी. शेवटी टोपी पुन्हा जागेवर.

एवढ्याने पासवर्ड पुसला जातो. हार्ड डिस्कवरचे हिशेब मात्र शाबूत राहतात. काही बोर्डांवर बाकीची मांडणीही पुसली जाते. तारीख, वेळ, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे हे पुन्हा भरावे लागते. ते आधीच वहीत टिपलेले बरे.

पण ध्यानात घ्या, जी टोपी मालकाला वाट देते, ती चोरालाही देते. सर्व्हरच्या खोलीला साधे लोखंडी कुलूप हवेच!