मनगट एक, घड्याळे दोन

पूर्वी आपल्या घरांतून पोरगा दहावी पास झाला किंवा नोकरीला चिकटला की त्याच्या मनगटावर घड्याळ चढे, आणि ते बहुधा एच.एम.टी.चे असे. बंगलोरच्या या सरकारी कारखान्यात १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनू लागली. 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर' ही नावे गिरणी कामगारापासून मास्तरांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसली. २०१६ साली केंद्र सरकारने एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

आम्ही ही चावीची घड्याळे जमवितो. छंद म्हटला की लोकांना ती पैसेवाल्यांची गोष्ट वाटते, पण पुण्याच्या जुन्या बाजारात कारकुनाच्या खिशालाही हा छंद परवडतो. फक्त डायल फार चकचकीत दिसली की सावध व्हावे. जुन्या यंत्रावर नवी रंगविलेली डायल चढवून विकणारे पुष्कळ आहेत.

यंदा आमची पुतणी हिंजवडीला नोकरीस लागली आणि पहिल्या पगारातून तिने आम्हाला स्मार्टवॉच आणून दिले. म्हणाली, "काका, दिवसभर टेबलाशी बसून असता. निदान किती चालता ते तरी कळू दे." पोरीच्या कष्टाची भेट, ती कपाटात कशी ठेवणार? पण 'जनता' तरी कशी उतरवायची? अशी भेट अनेक वाचकांच्या घरी आलेली असेल, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

दोन्ही घड्याळे एका खणात ठेवू नयेत. स्मार्टवॉचच्या चार्जरमध्ये बहुधा लोहचुंबक असतो. चावीच्या घड्याळात केसासारखी बारीक स्प्रिंग असते. तिला चुंबकत्व लागले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागते. तसे झालेच तर घड्याळजीकडे चुंबकत्व काढण्याचे लहानसे यंत्र असते, काम दोन मिनिटांचे आहे.

आम्ही वाटणी अशी केली आहे: पहाटे पौड रस्त्याला फिरायला जाताना स्मार्टवॉच, कचेरीत आणि विहारात 'जनता'. पावसाळ्यात मुळशीकडे वीज गेली की स्मार्टवॉच मान टाकते. 'जनता'ला सकाळी एकदा चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत चिंता नसते.

स्मार्टवॉच पाठीमागून हिरवा प्रकाश टाकून कातडीखालचे रक्त कसे वाहते ते पाहते आणि त्यावरून नाडीचे ठोके मोजते. आमच्या आईच्या मनगटावर बांधून पाहिले तर आकडा येईना. तिच्या मनगटावर गोंदण आहे आणि गोंदणाची शाई हा प्रकाश अडवू शकते. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो म्हणणारी घड्याळे मात्र घेऊच नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ साली अशा घड्याळांविरुद्ध उघड इशारा दिला आहे. चुकीच्या आकड्यावर गोळी घेतली तर ते जिवावर बेतू शकते.

इथवर छंदाची गोष्ट झाली. पण घड्याळ आपण हौसेने बांधणे वेगळे आणि मुकादमाने बांधणे वेगळे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जी.पी.एस. घड्याळे चढविली. कामगार कुठे उभा आहे, हद्द सोडून गेला का, हे साहेबाला पडद्यावर दिसते. २०२० साली चंदीगडच्या सफाई कामगारांनी अशाच घड्याळांविरुद्ध रस्त्यावर येऊन निदर्शने केली. झाडू मारणाऱ्या बाईने लघवीला जातानाही हिशेब द्यायचा का? साहेबाच्या मनगटावर असे घड्याळ बांधल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हा हातमोजे आणि गमबूट देताना विसरणारा, पण नजर ठेवायला पैसे काढणारा कारभार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घड्याळ कामगाराच्या बाजूचेही असू शकते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यानंतर भोंगा उशिरा वाजला तर कामगार स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवू शकत होता.

पिरंगुटच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या कंपन्यांत कंत्राटी साफसफाईला जाणाऱ्या आपल्या भावा-बहिणींपैकी कोणाला कामावर असे घड्याळ देऊ केले, तर सही करण्यापूर्वी विचारावे: सुट्टी झाल्यावर ते काढून ठेवता येईल का, नोंद कोण पाहणार, बंद पडले तर पगार कापणार का, आणि हरवले तर पैसे कोणी भरायचे. उत्तर तोंडी घेऊ नये. कागदाची एक प्रत आमच्याकडे पाठवावी.